अण्णांची पत, परिषदेची उधारी

हे प्रकरण माझ्या थोरल्या काकांचं आहे. इंदूरपासून दीड तासावर असलेल्या एका गावाच्या नगर परिषदेचे ते २०१५ ते २०२० या काळात अध्यक्ष होते. त्याआधी चाळीस वर्षं ते त्याच गावात हार्डवेअरचे व्यापारी. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, इथंही तेच म्हणते. मी सी.ए. आहे, इंदूरला राजेंद्रनगरात राहते आणि दुकानाचे हिशेब तेव्हा माझ्याकडे होते. त्यामुळे यातलं बरंचसं माझ्याच टेबलावरून गेलेलं आहे. जिथं मी बोलायला हवं होतं तिथं मी गप्प बसले, तेही ओघानं येईलच. लिहायच्या आधी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "लिही, पण पाइपांचा आकडा चुकवू नकोस. नव्वद होते."

दुकान आजोबांनी मध्यभारताच्या काळात टाकलं, म्हणजे होळकर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाल्यावर आणि १९५६ मध्ये मध्यप्रदेश होण्याआधी. पणजोबा होळकरांच्या महसूल खात्यात होते. नोकरी संपली आणि घर व्यापाराकडे वळलं. सुरुवातीला खिळे, साखळ्या, मोटेचं सामान, मग मोटारी आणि केसिंग पाइप, नंतर सिमेंट आणि सळई. माळव्यातला असा व्यापार रोखीवर चालत नाही. शेतकरी जूनमध्ये पाइप नेतो आणि सोयाबीन निघालं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पैसे देतो. तेव्हा जमलं नाही तर गव्हावर, म्हणजे मार्च-एप्रिलात. मधले महिने दुकानदारानं सांभाळायचे. गावात अण्णांच्या खतावणीत ज्याचं पान नाही असं घर विरळा होतं. कुणाचं बोरिंग किती फुटांवर लागलं आणि कुणाचं कोरडं गेलं, हे त्यांना केसिंगच्या विक्रीवरून तोंडपाठ. गावाखालच्या पाण्याचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता असं मी म्हणते ते अतिशयोक्ती म्हणून नाही.

त्या वेळी अध्यक्ष थेट मतदारांनी निवडला जाई. अण्णा निवडून आले ते पक्षामुळे कमी आणि त्या खतावणीमुळे जास्त. ज्या माणसानं अडचणीत तगादा लावला नाही, तो गाव नीट चालवेल, असा लोकांचा साधा हिशेब होता. निवडून येताच अण्णांनी दुकान दादाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या नावावर केलं. विक्रीकराचा टिन नंबर, बँकेचं खातं, भाडेकरार, सगळे कागद मीच बनवले. "आता दुकान माझं नाही," असं ते सभेतही सांगायचे आणि त्यांना ते मनापासून वाटायचं. संध्याकाळी सातला गल्ला मोजायला मात्र तेच बसत.

मे २०१६

आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. "मालव धरती गहन गंभीर, पग-पग रोटी, डग-डग नीर" ही ओळ आम्ही शाळेत पाठ केलेली आहे. ज्यानं ती रचली त्यानं बोरिंगच्या आधीचा माळवा पाहिला असणार. गावाच्या टाकीला पाणी देणारी दोन बोरिंगं एप्रिलमध्ये गेली. नळ एक दिवसाआड यायचे ते चार दिवसांआड येऊ लागले. उन्हाळ्यात जिल्हाधिकारी मध्यप्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६ खाली क्षेत्र जलाभावग्रस्त जाहीर करतात. मग नवं खाजगी बोरिंग परवानगीशिवाय घेता येत नाही आणि गरज पडली तर खाजगी विहिरीचं पाणीही गावासाठी घेता येतं. नाल्याकाठच्या एका शेतकऱ्याची विहीर भरलेली आहे हे अण्णांना ठाऊक होतं. दोन दिवसांत कागद झाले. विहिरीपासून टाकीपर्यंत अंतर भरलं ५४० मीटर. म्हणजे ११० एमएमचे, सहा किलो दाबाचे, सहा मीटरी पाइप ९० नग. शिवाय कपलर, बेंड, सोल्यूशन आणि एक व्हॉल्व्ह.

परिषदेच्या भांडारात पाइप नव्हते. सियागंजातल्या, म्हणजे इंदूरच्या ठोक बाजारातल्या, ज्या व्यापाऱ्याकडून परिषद माल घ्यायची, त्याचं आधीच्या कार्यकाळातलं बिल दोन वर्षं अडकलेलं. तो फोनवर म्हणाला, आधी मागचे द्या. दुसऱ्याला विचारलं, त्यानं आगाऊ रक्कम मागितली आणि भाव वर चढवून सांगितला. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पैसे केव्हा मिळतील याचा भरवसा नसला की व्यापारी तो उशीर भावात धरतोच, आणि छोट्या नगर परिषदांना प्रत्येक वस्तू महाग पडते त्याचं मोठं कारण हेच आहे.

दादाच्या गोदामात नव्वद पाइप होते. त्याच संध्याकाळी ते ट्रॉलीत चढले. ना मागणीपत्र, ना तीन दरपत्रकं, ना परिषदेच्या स्टॉक रजिस्टरात नोंद. रात्री चर खणला, तिसऱ्या दिवशी पहाटे टाकीत पाणी पडलं. गावातल्या बायका घागरी घेऊन टाकीपाशी आल्या होत्या आणि त्यांनी अण्णांना कुंकू लावलं, असं काकू अजून सांगतात. माझा त्यावर विश्वास आहे.

भाव खरेदीचा लावला होता. वाहतूक धरली नाही. बिल जुलैत बनलं, माझ्याकडे आलं, लाखाच्या आत होतं. मी ते पाहिलं आणि विक्रीत घेतलं. ग्राहकाच्या नावापुढे नगर परिषद लिहिलेलं होतं, अध्यक्ष आमच्याच घरातले आहेत हे मला माहीत होतं, आणि 'तोट्यातच दिलंय, यात काय गैर' असं मनाशी म्हणून मी पान उलटलं. या सगळ्या प्रकरणात अण्णांच्या चुकीइतकीच ती माझी चूक होती. नगरपालिका कायदा नफा झाला की तोटा हे विचारत नाही. पदावरच्या माणसाचा परिषदेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे का, एवढंच तो विचारतो. मुलाच्या नावावरचं दुकान आणि गल्ल्यावर बाप, ही अप्रत्यक्षाची व्याख्या वकिलाकडून समजून घ्यायची गरज नव्हती.

चिठ्ठ्या

पाइपांपेक्षा पुढचे पाच महिने महत्त्वाचे आहेत, आणि नेमकं त्यांच्याबद्दल गावात कोणी बोलत नाही.

पाइप आले तशी सगळ्यांना वाट सापडली. वॉर्डात नळाचा जोड फुटला की पार्षद, म्हणजे नगरसेवक, दुकानात चिठ्ठी पाठवू लागले. हातपंपाचं वॉशर, गटाराची जाळी, दिव्याच्या खांबाचे नटबोल्ट, शाळेजवळच्या टाकीचं झाकण. चिठ्ठीवर पार्षदाची सही, खाली "परिषद खाते". परिषदेचा माणूस यायचा, दादा माल द्यायचा, चिठ्ठी तारेत अडकवायचा. भाव दर वेळी रास्त होता. पण दुसऱ्या कुणाला भाव विचारलाच गेला नाही. गावातल्या दुसऱ्या हार्डवेअरवाल्यानं परिषदेकडे जाणंच सोडून दिलं. तो कुणाविरुद्ध बोलला नाही, फक्त बाजूला झाला. दसऱ्यापर्यंत चिठ्ठ्यांची बेरीज साडेतीन लाखांवर गेली.

दुकान परिषदेला माल विकत होतं असं वरवर दिसतं. मला वाटतं खरी गोष्ट वेगळी होती. परिषदेला बाजारात पत नव्हती आणि अण्णांना होती. सियागंज अण्णांना साठ दिवसांवर माल देत असे, आणि अण्णा तीच पत पुढे परिषदेला वापरायला देत होते. गावाला वाटलं की परिषद सुधारली. परिषद होती तशीच होती, अण्णांच्या नावावर माल उचलत होती.

मग ८ नोव्हेंबर आला.

नोटाबंदीनं उधारीवरचा व्यापार जागच्या जागी थिजला. सोयाबीन मंडीत पडलेलं, शेतकऱ्याच्या हातात रोख नाही, आणि सियागंजाचे साठ दिवस भरलेले. दुसरीकडे जुन्या नोटांनी कर भरायची मुभा होती. ज्यांनी चार-चार वर्षं संपत्तिकर आणि जलकर थकवला होता ते पाचशे-हजाराच्या नोटा घेऊन परिषदेच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. एकाच महिन्यात दुकान कोरडं झालं आणि परिषदेची तिजोरी भरली.

डिसेंबरात थकलेली देणी निघायला लागली. पुरवठादारांची यादी झाली. सियागंजवाल्याचं बिल सर्वांत जुनं, त्याला अर्धं मिळालं. झाडू-फिनाइलवाल्याला तिसरा हिस्सा. दादाच्या दुकानाचं बिल एका चेकनं पूर्ण निघालं. मी अण्णांना विचारलं, हे कसं झालं? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी आदेश नाही दिला गं. सीएमओ साहेबांना फक्त एवढंच म्हटलं, आमचंही बघा जरा." सीएमओ म्हणजे परिषदेचे मुख्य नगरपालिका अधिकारी.

अध्यक्षाच्या तोंडी हे वाक्य आलं की त्याचा आदेशच होतो. दुकानदार म्हणून ते आयुष्यभर असंच बोलत आले होते, "जरा बघा", आणि समोरचा जमेल तसं बघायचा. खुर्चीवर बसून तेच शब्द बोलले, तेव्हा त्यांचं वजन किती वाढलंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

बारा सह्या

जानेवारी २०१७ मध्ये अण्णांची दोन वर्षं भरली आणि पार्षदांच्या बैठका सुरू झाल्या. मध्यप्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ च्या कलम ४७ मध्ये थेट निवडून आलेल्या अध्यक्षाला परत बोलावण्याची तरतूद होती. निवडून आलेल्या पार्षदांपैकी किमान तीन-चतुर्थांश सह्या लागत, दोन वर्षं पुरी झाल्यावरच, आणि पूर्ण कार्यकाळात एकदाच. जिल्हाधिकारी सह्या पडताळतात, प्रस्ताव शासनामार्फत राज्य निवडणूक आयोगाकडे जातो आणि मग गावात पुन्हा मतदान. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. २००१ मध्ये अनूपपूरला असं मतदान झालं आणि रिकामी खुर्ची जिंकली. तेव्हापासून मध्यप्रदेशातल्या प्रत्येक अध्यक्षाला 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' हे शब्द ठाऊक आहेत.

आमच्या गावात पार्षद १५. तीन-चतुर्थांश म्हणजे सव्वा अकरा, म्हणून १२ सह्या हव्या. बारा झाल्या. त्यात तीन अण्णांच्याच बाजूचे होते.

प्रस्तावात पाइप होते, चिठ्ठ्या होत्या, डिसेंबरचा चेक होता. चिठ्ठ्यांवर ज्यांच्या सह्या त्यांच्यापैकी पाच जणांच्या सह्या प्रस्तावावरही होत्या. अण्णांना हे फार लागलं. मला मात्र ते समजण्यासारखं वाटलं. त्या पार्षदांच्या वॉर्डातल्या रस्त्यांची बिलं अडली होती, ठेकेदार त्यांच्या दारात बसत होते, आणि त्यांनी पाहिलं की अध्यक्षांच्या घरचं बिल निघालं. पाइप निमित्त झाले असतील, पण निमित्त अण्णांनी स्वतः पुरवलं होतं.

फेब्रुवारीत पडताळणी झाली. बाराही जण इंदूरला जिल्हाधिकाऱ्यांसमोर गेले. अकरांनी सही आपली आहे आणि राजीखुशीनं केली आहे असं सांगितलं. बारावा म्हणाला, कागद नीट न वाचता केली, मागे घेतो. अकरा राहिले. प्रस्ताव तिथंच पडला. रात्री आमच्या अंगणात फटाके वाजले.

मला झोप आली नाही, कारण त्या बाराव्या पार्षदाचं पान माझ्यासमोर होतं. घर बांधायला त्यानं आदल्या वर्षी सिमेंट आणि सळई नेली होती, आणि दोन हंगाम उलटले तरी एक रुपयाही जमा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी गावी गेले. अण्णांना थेट विचारलं. ते खुर्चीतून उठले, देवघरात गेले, खंडोबाच्या टाकावर हात ठेवून म्हणाले की मी त्याला एक अक्षर बोललो नाही. दादाही म्हणाला की नाही बोललो. माझा दोघांवरही विश्वास आहे. पण त्या पार्षदाला कुणी काही सांगायची गरज कुठे होती? त्याला स्वतःचं पान माहीत होतं. गावानंही तेच धरलं. अण्णा खरं बोलत होते आणि ते सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

खासगी आणि दौलत

त्या दिवशी ओसरीवर आमचं जे बोलणं झालं ते मला या प्रकरणाचा गाभा वाटतं. अण्णा म्हणाले, "अहिल्यामातोश्रींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, ते स्वतःच्या पैशातनंच ना? मी नव्वद पाइप दिले तर चोर ठरलो?"

मी म्हटलं, "अण्णा, ते खासगीतून. आणि खासगीचा हिशेब वेगळा होता."

होळकरांच्या घरात ही विभागणी जुनी आहे. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली, ती सासूकडून सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. दौलत म्हणजे राज्याचा पैसा. खासगीचं उत्पन्न निराळं, तिचे कारभारी निराळे, तिच्या वह्या निराळ्या. अहिल्याबाईंनी दानधर्म केला तो खासगीतून, आणि ती रक्कम दौलतीकडून परत मागितली नाही. घाट दिला म्हणजे दिला. अण्णांनी पाइप दिले, मग बिल केलं, मग "आमचंही बघा" म्हटलं. दान द्यायचं होतं तर बिल नको होतं. विकायचं होतं तर दरपत्रकं हवी होती आणि त्या बैठकीतून अण्णांनी उठून जायला हवं होतं. त्यांनी दोन्ही वह्या एका मांडीवर ठेवल्या.

अण्णा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मग त्या दिवशी करायला काय हवं होतं? चार दिवस पाणी नव्हतं."

या प्रश्नाला मी तेव्हा जे उत्तर दिलं ते घाईचं होतं: सीएमओंनी फोनवर तीन भाव घेतले असते, सियागंजातून ट्रक दुसऱ्या दिवशी आला असता. पण ट्रक आला नसता, कारण मागचं बिल थकलेलं होतं. आज मला वाटतं, मे महिन्यात कोणतीच वाट स्वच्छ नव्हती. त्यातल्या त्यात बरी वाट दानाची. पाइप लेखी दान म्हणून द्यायचे, परिषदेच्या ठरावात तसं नमूद करायचं, स्टॉक रजिस्टरात चढवायचे, दुकानाच्या वहीत खर्ची टाकायचे. खिशाला लाखभराची खार लागली असती आणि तिथंच संपलं असतं. खरी चूक मात्र मेच्या आधीची होती. निवडून आल्यावर सव्वा वर्ष अण्णांनी त्या जुन्या बिलाकडे पाहिलंच नाही. गिऱ्हाइकाची पत कशानं बनते हे त्यांच्याइतकं गावात कुणाला कळत होतं? पैसे ठरल्या दिवशी देण्यानं बनते. परिषदेला त्यांनी तेवढं एक शिकवलं असतं तर कुणाच्या गोदामाकडे बघायची वेळच आली नसती.

हे त्यांना पटलं. पटलं की अण्णा लगेच करतात, हा त्यांचा स्वभाव. एप्रिल २०१७ पासून दादाच्या दुकानातून परिषदेला खिळासुद्धा गेला नाही. बिलांचं एक आवक रजिस्टर परिषदेच्या खिडकीवर उघडं ठेवलं: तारखेनं जे आधी आलं ते आधी निघणार, आणि मधलं बिल वर घ्यायचं तर कारण लिहून. चौदाव्या वित्त आयोगाचा मूलभूत सेवांचा पैसा येत होता, त्यातली पाणी-सफाईची देणी वेळेवर निघू लागली. अध्यक्षांनाही रांग मोडता येत नाही हे पार्षदांनी दोन-तीनदा पाहिलं, तेव्हा भांडणं कमी झाली, बंद मात्र झाली नाहीत. २०१९ च्या उन्हाळ्यात सियागंजच्या त्याच व्यापाऱ्यानं आगाऊ रक्कम न घेता परिषदेला पाइप पाठवले. अण्णांनी मला त्या दिवशी फोन केला होता. कुंकू लावलं त्या दिवशीही त्यांचा आवाज असा नसेल.

बाराव्या पार्षदानं पैसे दोन वर्षांत फेडले. दादानं प्रत्येक हप्त्याची पावती दिली. तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिला नाही. दुकान निम्म्यावर आलं आहे. काही नोटाबंदीनं, काही दादानं उधारी आवरली म्हणून.

नियम पुढे बदलले. २०२२ ला नगर परिषदांचे अध्यक्ष पार्षदांनी निवडले, आणि २०२४ मध्ये त्यांच्यावर अविश्वास प्रस्ताव आणण्याआधीची मुदत दोनची तीन वर्षं झाली, बहुमत दोन-तृतीयांशऐवजी तीन-चतुर्थांश. अण्णांना या बदलांत फारसा रस नाही. त्यांच्या मनात त्या नव्वद पाइपांचंच राहिलं होतं.

कारण स्टॉक रजिस्टरात ते कधी चढलेच नव्हते. दर वर्षी संपरीक्षेत, म्हणजे ऑडिटमध्ये, आक्षेप निघायचा: देयक दिले, साहित्य प्राप्त झाल्याची नोंद नाही. दर वर्षी उत्तर जायचं की पाइप जमिनीखाली आहेत. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये, अण्णांचे शेवटचे काही आठवडे उरले असताना, ठरलं की तीन ठिकाणी खणून पाहायचं आणि माप पुस्तिकेत लिहायचं. मी मुद्दाम गेले. सीएमओ साहेब होते, उपयंत्री, म्हणजे सब-इंजिनीअर, टेप घेऊन होते, नाल्याकडून थंड वारा येत होता. पहिल्या खड्ड्यात दोन फुटांवर पाइप लागला. मजुरानं हातानं माती पुसली तर ११० एमएमचा छाप स्पष्ट दिसला. दुसऱ्या खड्ड्यात जोड सापडला. तिसरा टाकीपाशी. दोन्ही टोकांमधलं अंतर पुन्हा मोजलं, ५४० मीटर. भागिले सहा. उपयंत्र्यांनी नव्वद लिहिलं आणि खाली सही केली. अण्णांनी ते पान चष्मा लावून वाचलं.

मजूर माती ओढू लागले. चौघे होते, दुपार झाली होती. अण्णांचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशात गेला, नोटा बाहेर येत होत्या. मग त्यांनी सीएमओ साहेबांकडे पाहिलं आणि हात रिकामाच बाहेर काढला. चौघांची मजुरी परिषदेच्या मस्टरवर लागली.